पिकअपला घरच्या घरी कॅनव्हासचं हूड: कापड हलू द्यायचं नाही

आमच्या तासगाव भागात फेब्रुवारी ते एप्रिल हे बेदाण्याचे दिवस. शेडवर माल वाळतो, निवडला जातो, १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून पिकअपनं शीतगृहाकडे किंवा सौद्याला निघतो. नेमके याच दिवसांत दुपारनंतर ढग भरून येतात. त्यामुळे प्रत्येक गाडीत सीटमागे एक पिवळी नाहीतर निळी ताडपत्री कोंबलेली असते. माझ्याही होती.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये कवठेमहांकाळकडून येताना मी बॉक्सवर ताडपत्री टाकली, चार कोपरे दोरीनं आवळले आणि निघालो. वळवाच्या आधीचं वारं सुटलं. आधी एक कोपरा फडफडला, मग त्याची रिंग उपसली, आणि पाहता पाहता सबंध ताडपत्री उचलली जाऊन मागून येणाऱ्या मोटारसायकलवर पडली. त्या माणसानं गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घेतली. गुडघा सोलपटण्यावर निभावलं. मागं त्याची सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती. मी पळत गेलो तेव्हाही तिनं बापाच्या शर्टाची मूठ सोडली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात मी गाडीला हूड, म्हणजे पाइपांच्या कमानींवर ताणून बसवलेलं कापडी छत, बनवलं. नंतर ओळखीच्या तिघांच्या गाड्यांवर बसवायला मदत केली. त्या चार गाड्यांवर काय टिकलं, काय फाटलं, कुठं चुकलो, ते सगळं इथं मांडतो. मापं माझ्या गाडीची आहेत. हौदा (माल भरायची मागची जागा) आतून ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, फाळका (हौद्याची कडेची भिंत) १६ इंच उंच. तुमची मापं तुम्ही घ्या, रीत तीच.

पाऊस नंतर, आधी वारं

हूड बनवायला घेणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, कापड गळणार नाही ना? गळणं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वाऱ्याचा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली असेल तर वाऱ्याला आडव्या येणाऱ्या दर चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा भार येतो. ८० च्या वेगाला तो ३१ किलो होतो. आणि ८० नं जाताना समोरून ३० चं वारं असेल तर हिशेब ११० चा, म्हणजे जवळजवळ ५८ किलो. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्या भागातून रिकामी पिकअप नेली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको.

छतावरून वारा वेगानं सरकतो तेव्हा तो कापड वर ओढतो. मागचा पडदा उघडा असेल तर आत शिरलेली हवा तेच कापड खालून फुगवते. वाईटात वाईट धरू आणि सगळा दाब उचलायच्याच कामाला लागला असं समजू. माझं छत सुमारे ४.६ चौरस मीटर. ८० च्या वेगाला ४.६ गुणिले ३१, म्हणजे १४० किलोच्या आसपास. हा भार २८ ठिकाणी बांधलेल्या कापडावर आला तर एका आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या रिंगच्या, वाट्याला ५ किलो येतात. चारच कोपऱ्यांवर आला तर प्रत्येकाला ३५ किलो, आणि तेही एकसारखे नव्हेत, झटक्यांनी. माझी ताडपत्री का उडाली हे मला हा हिशेब मांडल्यावर कळलं.

म्हणून या कामात एकच गोष्ट सारखी ध्यानात ठेवायची: कापड हललं की घासतं, घासलं की विरतं, विरलं की फाटतं. सांगाडा, शिलाई, दोरी, गाठ या सगळ्यांचं काम कापड जागच्या जागी धरून ठेवायचं आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीच्या कागदावर जे तपशील आहेत त्यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. म्हणून सांगाडा हौद्याला कायमचा वेल्ड करू नका. नट-बोल्टवर बसणारा, काढता येणारा ठेवा. त्यानंतरही, काम सुरू करण्याआधी गाडीची मापं आणि हातानं काढलेलं साधं चित्र घेऊन आपल्या आरटीओत एकदा विचारून या. सांगलीच्या गाड्या एमएच-१०, साताऱ्याच्या ११, कराडच्या ५०. ज्याचं जे कार्यालय तिथं. सगळं बनवून झाल्यावर पाडायची वेळ येण्यापेक्षा अर्धा दिवस गेलेला परवडतो.

हूडचं वजन मालाच्या वजनात धरायचं. माझा सांगाडा ४० किलोच्या आसपास आणि कापड कोरडं असताना ९ किलो. म्हणजे बेदाण्याचे तीन-चार बॉक्स कमी.

सांगाडा

चार कमानी, तीन-तीन फुटांवर. पाइप २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी. त्याहून पातळ पाइप वाकवताना चेपतो आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी बोल्टच्या भोकापाशी तडकतो. आमच्या एका गाडीवर १.२ मिलिमीटरचा वापरला होता, तो पहिल्याच हंगामात दोन ठिकाणी चिरला.

हूड उंच करायचा मोह आवरा. आत वाकून उभं राहता यावं म्हणून लोक साडेपाच-सहा फूट घेतात, मग केबिनच्या वर दीड-दोन फूट कापड छाती काढून वाऱ्याला उभं राहतं. माझ्या कमानीचा खांदा, म्हणजे ती जिथं आत वळते ती जागा, हौद्याच्या तळापासून ४४ इंचांवर आहे आणि मधला माथा ५२ इंचांवर. म्हणजे केबिनच्या टपापेक्षा थोडाच वर. बॉक्सचे थर त्यात आरामात बसतात.

खांदा आणि माथा यांच्यातला तो ८ इंचांचा फरक फार महत्त्वाचा. सपाट छतावर पाणी साचतं. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर, एक किलो. दोन कमानींमध्ये अर्ध्या चौरस मीटरचा झोल पडून त्यात सरासरी १० सेंटिमीटर पाणी साठलं तर ५० किलो झाले. तेवढं वजन ब्रेक मारल्यावर पुढं आणि वळणावर बाजूला धावतं. छताला उतार असला की हे मुळातच घडत नाही.

एका कमानीला पाइप किती लागतो ते सांगतो. फाळक्याच्या वर २८ इंच, सॉकेटमध्ये खाली १२ इंच, असं दोन्ही बाजूंना. वरची गोलाई सुमारे ६९ इंच. एकूण १४९ इंच, म्हणजे साडेबारा फुटांना जरा कमी. सहा मीटरच्या एका पाइपात एक कमान निघून सात फूट उरतो. तो उरलेला पाइप भंगारात टाकू नका, तिरप्या आधारांना तोच लागतो.

वाकवण्याचं काम घरी करायला गेलात तर पाइप दुमडतो. वाळू गच्च भरून वाकवण्याची जुनी रीत आहे, पण त्यासाठी वाळू पूर्ण कोरडी हवी. ओलसर वाळू भरून दोन्ही टोकं ठोकून बंद केलेला पाइप तापवला तर आत वाफ कोंडून तो फुटू शकतो. आपल्याकडे पॉलिहाऊसचं फॅब्रिकेशन करणाऱ्यांकडे पाइप बेंडर असतं. त्यांच्याकडून चारही कमानी एका मापात वाकवून घ्या. जमिनीवर खडूनं पहिल्या कमानीचा आकार काढायचा आणि बाकीच्या तीन त्यावर ठेवून पाहायच्या. अर्ध्या इंचाचा फरकही कापड ताणल्यावर सुरकुतीच्या रूपानं दिसतो, आणि सुरकुती म्हणजे वाऱ्याला दिलेली पकड.

कमानी उभ्या राहतात सॉकेटमध्ये. सॉकेट म्हणजे पाइप सैलसर सरकेल असा फूटभर लांबीचा मोठा पाइप, पट्टीवर वेल्ड केलेला. ती पट्टी हौद्याच्या बाजूला आतून बोल्टनं बसवायची, आणि बाहेरून पत्र्यावर आणखी एक पट्टी आधाराला द्यायची, नाहीतर हौद्याचा पातळ पत्रा बोल्टभोवती फाटतो. तुमचे बाजूचे फाळके उघडणारे असतील तर सॉकेट फाळक्यावर कधीच बसवू नका. ते खांबांना किंवा हौद्याच्या तळच्या आडव्या चॅनेलला धरा. चासीला भोक पाडायचं नाही. भोक पाडण्याआधी पत्र्याच्या मागं वायर किंवा डिझेलची नळी नाही ना, ते गाडीखाली झोपून बघा. कमान सॉकेटमध्ये घातल्यावर ८ मिलिमीटरचा बोल्ट आरपार, नायलॉक (हादऱ्यांनी सैल न होणाऱ्या) नटसह. नुसती घट्ट बसली म्हणून बोल्ट गाळलेली कमान खड्ड्यात उसळी मारून वर येते.

कमानींना जोडायला लांबीचे तीन पाइप: एक माथ्याला, दोन खांद्यांना. हे कमानीच्या खालच्या अंगाला क्लॅम्पनं धरा, म्हणजे कापडाला कमानीचा गुळगुळीत माथाच लागेल. दोन कमानींमध्ये कापड लोंबू नये म्हणून वरून ५० मिलिमीटर रुंदीचे तीन पॉलिएस्टर पट्टे पुढून मागं ताणून बांधलेत. पुढच्या आणि मागच्या खणात (दोन कमानींमधल्या जागेत) दोन्ही बाजूंना तिरपे आधार हवेतच. त्यांच्याशिवाय सगळा सांगाडा ब्रेक मारला की पुढं कलतो, सोडला की मागं, आणि महिनाभरात प्रत्येक भोक लांबट होतं. मी पहिल्यांदा आधार दिले नव्हते. शिरढोणजवळ एकदा करकचून ब्रेक लागला तेव्हा पुढची कमान केबिनच्या काचेवर आपटली.

त्यावरून दुसरी गोष्ट. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसलेले असतात आणि खराब रस्त्यावर एकमेकांपासून वेगळे हलतात. पहिली कमान केबिनपासून किमान चार इंच मागं ठेवा. कापड किंवा दोरी केबिनला बांधू नका.

वेल्डिंग शक्यतो सांगाडा गाडीवरून उतरवून करा. गाडीवर करणं भागच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा, डिझेलच्या टाकीच्या बाजूला ओली पोती टांगा आणि एक माणूस पाण्याची बादली व आगशामक घेऊन नुसता बघायला उभा करा. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप वापरत असाल तर जोडाच्या जागेचा जस्ताचा थर ग्राइंडरनं काढून मगच वेल्ड करा, आणि तेही उघड्यावर. जस्ताच्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. माझ्या वेल्डर मित्रानं हे दोनदा भोगलंय.

रंगाआधी सगळ्या सांगाड्यावरून हात फिरवा. हाताला जे टोचेल ते कापडाला फाडेल. बोल्टचं गोल डोकं कापडाच्या बाजूला, नट आत. पाइपाच्या तोंडाला टोपणं. रेड ऑक्साइड, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावर कमानीच्या माथ्यावर सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळायची.

कोणतं कापड

बाजारात तीन प्रकार दिसतील. प्लास्टिकची विणलेली ताडपत्री हलकी आणि स्वस्त, पण फडफडते आणि उन्हानं तिच्या धाग्यांचा भुगा होतो. कापड म्हणून ती हूडला घेऊ नका. पीव्हीसी लेप दिलेलं पॉलिएस्टर पूर्ण जलरोधक आणि मजबूत, पण आतली हवा कोंडते. दिवसा तापलेला हूड संध्याकाळी गार झाला की आतून पाणी गळायला लागतं. बेदाणा, हळद, द्राक्षं यांना ते घातक. तिसरं सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हास. सुती धागा ओला झाला की फुगतो आणि विणीतली भोकं बंद करतो, म्हणून चांगला कॅनव्हास थेंब धरतो आणि तरी श्वास घेतो. मी छताला आणि बाजूंना ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा) प्रक्रिया केलेला कॅनव्हास वापरला. मागच्या पडद्याला तेवढं पीव्हीसी, कारण चाकांचा चिखल तिथंच उडतो आणि तो धुवून निघायला हवा.

कॅनव्हास आटतो. कापण्याआधी एका कोपऱ्यावर उभ्या-आडव्या एक-एक मीटरच्या खुणा करा, तो भाग रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा आणि परत मोजा. १०० सेंटिमीटरचे ९७ झाले तर आटणं तीन टक्के. दहा फुटांच्या लांबीला ते साडेतीन इंचांहून जास्त होतं, आणि तेवढंच कमी पडलं की मागची कडा फाळक्यापर्यंत पोचत नाही.

थेट कॅनव्हासला कात्री लावू नका. युरियाची रिकामी पोती उसवून, जोडून सांगाड्यावर टाका, चिमटे लावून ताणा, खडूनं खुणा करा, तोच कापायचा नमुना समजा. माझ्या मापाला छत आणि दोन्ही बाजू मिळून एकच तुकडा १० फूट बाय साडेबारा फूट लागला. बाजू फाळक्याच्या वरच्या कडेपासून बाहेरून ८ इंच खाली यायलाच हव्यात, म्हणजे पाणी फाळक्याच्या बाहेर ओघळेल.

शिलाई

घरच्या मशीनवर दोन पदर शिवले जातील, पण जिथं चार-पाच पदर येतात तिथं सुई मोडते. मिरजेत, सांगलीत ताडपत्री आणि सीटकव्हर शिवणारे आहेत, त्यांच्याकडची जड मशीन या कामाची. आम्ही पट्टे कापून, खुणा करून, टाचून नेले आणि समोर बसून शिवून घेतले. समोर बसणं गरजेचं, कारण खालच्या गोष्टी सांगितल्याशिवाय होत नाहीत.

कापडाचे पट्टे गाडीला आडवे, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे टाकायचे. जोडावर पुढचा पट्टा मागच्या पट्ट्याच्या वर आला पाहिजे, कौलं जशी एकावर एक असतात तशी. उलटा शिवला तर प्रत्येक जोड वाऱ्यासाठी तोंड उघडून बसतो. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टीप. जोड कमानीच्या बरोबर माथ्यावर नको, तीन-चार इंच मागं हवा, नाहीतर घासून धागाच तुटतो. धागा पॉलिएस्टरचा, सुई १८ ते २० नंबरची, टाका साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला साधारण सात टाके. काही कारागीर मजबुतीसाठी बारीक टाका घालतात. जवळजवळ पडलेल्या भोकांवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं, हे त्यांना नम्रपणे सांगावं लागतं.

कमानी जिथं टेकतात तिथं आतून चार इंचांची दुसरी पट्टी. चारही खांद्यांच्या कोपऱ्यांना तळहाताएवढं ठिगळ आधीच लावा. कडेची दुमड तीन इंचांची, आणि तिच्या आत नवारीसारखी २५ मिलिमीटरची पॉलिएस्टर पट्टी घालून शिवा. आयलेट या पट्टीतून आरपार जाईल असं बसवायचं. नुसत्या कापडात बसवलेलं आयलेट म्हणजे माझी ती उडालेली ताडपत्री. पितळी घ्या, दर ९ इंचांना एक, मागं वॉशर हवाच. शेवटी सगळ्या टिपांवर मेणाचा तुकडा घासून केस वाळवायच्या यंत्रानं ऊब द्या. मेण टर्पेंटाइनमध्ये चुलीवर वितळवून फासण्याचा उपाय कुणी सुचवेल. तो करू नका, ती वाफ पेट घेते.

बांधणी

दोरी ८ मिलिमीटरची पॉलिएस्टर. नायलॉन भिजलं की लांबतं, प्लास्टिकची दोरी उन्हानं कुसते. आणि सबंध बाजूला एकच लांब दोरी ओवू नका. एका ठिकाणी घासून तुटली की अख्खी बाजू सुटते. मी प्रत्येक बाजूला तीन स्वतंत्र तुकडे ठेवलेत. एक तुटला तरी दोन धरून ठेवतात. आधी पुढचा भाग ताणायचा, मग बाजू समोरासमोर थोड्या थोड्या, सगळ्यात शेवटी मागचा. उरलेलं दोरीचं टोक लोंबतं ठेवू नका, ते चाकात जातं.

ताण किती? कापडावर टिचकी मारली तर ढोलकीच्या शाईएवढा नको, पण आवाज यायला हवा. सुती कापड भिजल्यावर आणखी आवळतं, म्हणून कोरडं असताना शेवटचा जोर राखून ठेवा.

मागचा पडदा, आणि आत कुणीही बसायचं नाही

चालत्या गाडीच्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो. सायलेन्सरचा धूर तिथंच घुटमळतो आणि अर्धवट उघड्या पडद्यातून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. हूडखाली बसलेला माणूस आधी पेंगतो आणि मग उठत नाही. द्राक्षाच्या छाटणीला, बेदाण्याच्या निवडीला बायामाणसांना पिकअपमधून नेतात हे मी रोज बघतो. हूड झाल्यावर तर लोक हमखास म्हणतात, आता सावली झाली, बसू दे की. बसू द्यायचं नाही. मालवाहू गाडीतून माणसं नेणं बेकायदा आहे, आणि या पाइपांच्या कमानी गाडी उलटली तर माणसाला वाचवू शकत नाहीत. माझ्या मागच्या पडद्यावर मी आतून मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय: आत माणूस नाही.

गॅसचा सिलिंडरही हूडखाली नाही. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, हौद्याच्या तळाशी साचतो.

पडदा एकतर पूर्ण बंद, नाहीतर गुंडाळून दोन पट्ट्यांनी वर बांधलेला. मधली अवस्था सगळ्यात वाईट, धूरही आत येतो आणि हूडही फुगतं. मालाला श्वास घेता यावा म्हणून पुढच्या भिंतीत वर, छताच्या झालरीखाली, वीतभर रुंदीच्या दोन झडपा ठेवा.

कापडाची कुठलीही कडा मागचे दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट यांच्यावर येता कामा नये. पडदा गुंडाळलेला असताना आणि खाली असताना, दोन्ही वेळा तपासा. गाडीच्या परावर्तक पट्ट्या, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, हूडखाली झाकल्या गेल्या असतील तर कापडावर परत लावा. मधल्या आरशातून आता काही दिसणार नाही. बाजूचे दोन्ही आरसे त्या हिशेबानं लावून घ्या, डावा जरा जास्तच बाहेर.

पहिली फेरी

आधी गाडी उभी ठेवून पाइपानं पंधरा मिनिटं पाणी मारा आणि आत कोरड्या वर्तमानपत्राची पानं पसरून ठेवा. गळतं कुठं ते पानं सांगतात. मग रिकाम्या गाडीनं, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर, आधी ४०, मग ६०, मग ८०. मागून अंतर राखून दुसऱ्या चारचाकीत जाणकार माणूस असू द्या. छताची कोणती जागा थरथरते ते चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. आमच्या तिसऱ्या गाडीचा मधला खण ६५ च्या वर गेल्यावर धडधडायचा. त्या खणात एक जादा पट्टा ताणला आणि ते थांबलं. दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक गाठ आणि बोल्ट हातानं बघा, परत पन्नासवर. नवं कापड आणि नवी दोरी दोन्ही पहिल्या दिवशी सैल पडतात.

खंबाटकीसारख्या घाटात किंवा मोकळ्या माळावर आडवं वारं लागलं तर वेग उतरवा. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त ढकलली जाते.

हंगाम संपला की कापड उतरवा. ओलं असताना घडी घातलेला कॅनव्हास आठवड्यात बुरशीनं काळा पडतो, आणि तो डाग धुऊन गेला तरी धागा कमजोर झालेलाच असतो. दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, माती कोरड्या ब्रशनं झाडा, साबण लावू नका, त्यानं जलरोधक थर जातो. घडी घालताना आयलेट एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये जुनी चादर घाला आणि उंदीर पोचणार नाहीत अशा आडव्या बांबूवर टांगून ठेवा. माझं आत्ता शेडच्या आढ्याला तसंच टांगलंय, डाव्या खांद्याच्या ठिगळाची टीप उसवलीय तेवढी जानेवारीच्या आत मारून घ्यायचीय.